घळीतली कूक

आंबेमाळ, ता. मुरबाड
१२ डिसेंबर १९९८

रुपे,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन वर चढत नाय. टोकावड्याच्या दुकानात ठेवून जातो, दुकानदार ते आधी वाचतो, गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो आणि उरलं तर मला देतो. तुला नोकरी लागली हे मला त्याने सांगितलं. पुढल्या वेळी बंद पाकीट पाठव.

आटगावात खोली घेतलीस, बरं केलंस. पण नोकरी कसली ते दोनदा वाचून पण कळलं नाय. शहरातली पोरं आणायची, अभयारण्यात फिरवायची, हा साग, हा ऐन, हे भेकराचं पाऊल असं दाखवायचं, आणि त्याचा पगार? मी जन्म काढला रानात, मला कोणी चहा पण पाजला नाय.

इथली खबर अशी की भाऊबंद परत जमले होते. धोंडी पुढे, बाकीचे मागे विड्या ओढत. धोंडी म्हणतो, "वयनी, लखमादादाला जाऊन दोन वर्सं सरली. आता पिठाचा पुतळा करून जाळू, कार्य करू. तुमी कुंकू उतरवा. नायतर आमच्या पितरांच्या पंगतीत त्याचं पान रिकामं रायतं."

मी म्हटलं, "पान कशाला रिकामं? माणूस तिकडे वाडा गावात दुसऱ्या पानावर जेवतोय."

तुझा बाप कमळू खाली मान घालून बसला. त्याला आई पण खरी वाटते आणि धोंडी पण.

तू तवा शाळेत होतीस म्हणून लिहिते. पितरपाख चालू होता. तुझ्या आज्याने अंड्यावर बसलेली कोंबडी उचलून वीटभट्टीवर ओळख झालेल्या जना नावाच्या बाईला देऊन टाकली. ती रांड विधवा, वाड्याची. मी विचारलं, मला न विचारता का दिली? तर म्हणे, "मी बाईजाकडे चाललो, तुझं तोंड बंद झालं की येईन." बाईजा त्याची बहीण, माहुलीच्या डोंगराखाली खोरवाडीला. धोंडीने त्याला किन्हवलीच्या स्टँडवर भजी खाताना बघितला. त्यापुढे कोणी नाय. बाईजाकडे तो पोचलाच नाय असा तिचा निरोप आला. मग गेला कुठे? सरळ हाय. कोंबडी गेली तिकडे.

मेलेल्याचं कुंकू पुसतात गो, पळालेल्याचं नाय. पुढल्या पितरपाखाच्या आत भाऊबंद मला विधवा करणार म्हणतात. करून बघा म्हणावं.

तू जेव नीट. तुझ्या कार्डावर तेलाचा डाग होता म्हणजे वडापाव खातेस.

आजी

---

आटगाव
३० डिसेंबर १९९८

आजे, पाया पडते.

हे घे पाकीट. आता दुकानदाराने तिकीट वाचावं.

तुला वाटतं रान म्हणजे रान. मलाही तसंच वाटायचं. पण इथे एकाच अभयारण्यात पाच घरं आहेत आणि प्रत्येक घरातली माणसं वेगळी. तानसाच्या तलावाकाठी पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, जणू कुणी काळी धोतरं टाकली आहेत. तिथून वर आलं की कोरडा साग. पानं पापडासारखी वाजतात, तिथे कुणाला लपून चालता येत नाही, बिबळ्यालासुद्धा. मग बांबूची बेटं, त्यात रानकोंबडे. मग उघडा कातळ आणि वाळलेलं गवत. आणि माहुलीच्या मागच्या अंगाला एक घळ आहे, कुंडाची घळ म्हणतात. तिथे ऊन फक्त डोक्यावर आल्यावर शिरतं. बाहेर घाम, आत थंडी. नेचे, उंबर, माणसाच्या मांडीएवढ्या वेली. पोरांना तीच सगळ्यात आवडते. मला नाही आवडत. का ते सांगता येत नाही.

परवा तिथे एक गंमत झाली. डोंबिवलीच्या शाळेची मुलं होती. घळीच्या तोंडाशी डबे उघडून बसलो आणि आतून कूक आली. लाकडाला गेलेली माणसं देतात तशी. आधी जाड, लांबलचक, शेवटाला दोनदा तुटणारी. मग थोडी शांतता. मग दुसरी, बारीक, वर चढत जाणारी आणि मध्येच मोडणारी.

मुलं काय, सगळी एकदम "कूऽऽ" करायला लागली. आमच्याबरोबर गोमा म्हणून वॉचर असतो, इथलाच. तो इतका ओरडला की एकीच्या हातून डबा सांडला. "गप बसा रे! ओ देऊ नका!"

मग त्यानेच बोट दाखवलं. उंबराच्या फांदीवर काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसं. आमच्या पुस्तकात त्याला भृंगराज म्हणतात. हा सगळ्यांच्या नकला करतो. घारीची, मांजराची, माणसाच्या शिटीची. मुलं खूश. मी पण त्यांना नीट समजावून सांगितलं.

गोमा मात्र हसला नाही. परत येताना म्हणाला, "ताई, ही कूक ह्याला पैल्यापासून येत नव्हती. मागच्या दोन वर्सांतली हाय."

बाबांना सांग, पगार झाला की घरी येते. धोंडीआजोबांशी जास्त भांडू नकोस.

तुझी
रुपा

---

आंबेमाळ
११ जानेवारी १९९९

रुपे,

तुझा तो भृंगराज म्हणजे कोतवालच, आणि कोतवालाची जात चोरटीच. आपल्या आंब्यावर एक होता, मांजरासारखा ओरडायचा, कोंबड्या घरात पळाल्या की त्यांचे दाणे खायचा. त्यामुळे पाखराचं मला नवल नाय.

पण तुला काय काय शिकवायचं राहून गेलं. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातली, तुला पाढे येतात, कूक येत नाय. तर ऐक. रानात कोणाचं नाव घेऊन हाक मारायची नाय. नाव ऐकायला माणसंच असतात असं नाय. म्हणून कूक. आणि नवराबायको तर घरात पण एकमेकांचं नाव घेत नायत, मग रानात कसं घेणार? लग्नाच्या पहिल्या वर्षी लाकडाला जायचं, एक डोंगराच्या या अंगाला, एक त्या अंगाला, तवा दोघांची कूक ठरते. त्याची वेगळी, तिची वेगळी. एकाने दिली की दुसऱ्याने ओ द्यायची. ती त्या दोघांचीच. आईबापाला पण ती कळत नाय. तिसऱ्याने ती देऊ नये, आणि परक्या कुकेला ओ देऊ नये. पितरपाखात तर कोणाच्याच कुकेला देऊ नये. तुझा गोमा ओरडला ते बरोबर ओरडला.

आता माझं एक काम कर. परत त्या घळीत जा, पोरांचा बाजार न नेता. नीट कान दे आणि मला लिही. पहिली कूक दोनदा तुटते म्हणालीस. दोन्ही तुकडे सारखे, की मागचा आखूड? दुसरी मोडते ती तिथेच मरते, की खालून परत उचलते?

का विचारते ते विचारू नको. मी पण तुला तेलाच्या डागाचं परत विचारलं नाय.

आजी

---

आटगाव
३१ जानेवारी १९९९

आजे, पाया पडते.

गोम्याला बरोबर घेऊन गेले. तो म्हणाला, "तुमच्या आजीला ह्याच्याशी काय करायचं हाय?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

सकाळपासून बसलो. भृंगराजाने आधी सगळा बाजार मांडला. सर्पगरुड, तांबट, गोम्याचा खोकला. हो, खोकलासुद्धा. गोमा कसनुसा झाला. मग ऊन घळीत उतरलं आणि त्याने कूक दिली.

पहिलीचा मागचा तुकडा आखूड आहे. श्वास संपल्यासारखा. दुसरी मोडते आणि मरत नाही, खालून परत उचलते.

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. डोंबिवलीच्या पोरांच्या गलक्यात तेव्हा कळलं नव्हतं. ती दुसरी कूक बाईची नाही. पुरुषाने आवाज बारीक करून बाईची कूक काढावी तशी आहे. वर पातळ, खाली जाडपणा राहिलेला. आणि दोन्हींच्या मधली शांतता प्रत्येक वेळी तेवढीच असते. कुणीतरी कुकेला ओ येते का म्हणून थांबावं, तेवढी. पाखरू ती शांतताही शिकलं आहे.

आणखी एक. उंबरावर वानरं होती, फळं खात होती. कूक झाली तशी सगळी थांबली. मला वाटलं आता पाखराकडे बघतील. त्यांनी पाखराकडे नाही बघितलं. सगळ्यांनी खाली, कुंडाच्या वरच्या कपारीकडे बघितलं. एक पिल्लू आईच्या पोटाशी गेलं. कपारीत काही नव्हतं, आजे. मी दुर्बिणीतून पाहिलं. गोम्याने पाहिलं नाही, त्याने पाठ फिरवली.

आता तरी सांग, का विचारतेस?

रुपा

---

आंबेमाळ
९ फेब्रुवारी १९९९

रुपे,

सांगते. पहिली कूक तुझ्या आज्याची. मागचा तुकडा आखूड, कारण त्याला लहानपणापासून दमा. दुसरी माझी. मोडते ती, कारण पहिल्या वर्षी मोळी घेऊन चढताना ठेच लागली आणि कूक मोडली, तो हसला, आणि मग मी मुद्दाम तशीच ठेवली.

मी माहुलीच्या रानात जन्मात पाय ठेवला नाय. बाईजाच्या लग्नाला पण मी गेले नव्हते, तवा माझं लग्नच व्हायचं होतं. मग माझी कूक तिकडच्या पाखराला आली कुठून?

मी दोन दिवस चूल पेटवली नाय. विचार केला आणि मला कळलं. त्याने माझी कूक त्या जनीला शिकवली. दोघं त्या रानात मध काढत हिंडत असतील, नायतर खेकडे धरत. हा इकडून कूक देतो, ती सटवी तिकडून माझ्या कुकेने ओ देते. तुला जाड वाटली ना? वाटणारच. वीटभट्टीचा धूर गिळलेली बाई, तिचा गळा काय कोकिळेचा असणार?

कोंबडी नेली, मी बोलले आणि विसरले असते. माणूस नेला, जाऊ दे, दमेकरी होता. पण कूक दिली? लुगडं देता येतं, भांडं देता येतं. ती कशी देतात?

वाड्याला जा. ती जना कुठे राहते ते भट्टीवरचा कोणीपण सांगेल. तुझा आजा तिथे असला तर त्याच्या तोंडावर सांग, सुंदरा म्हणते माझी कूक परत कर. हो, माझं नाव घे. त्याला ते नातीच्या तोंडून ऐकून लाज वाटू दे.

आणि वाटेत खोरवाडीला बाईजाकडे जा. तिने भावाला घरात लपवून मला खोटा निरोप धाडला का ते डोळे बघून कळेल. खोटं बोलताना ती डावा कान खाजवते.

आजी

---

आटगाव
१४ मार्च १९९९

आजे,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

वाड्याला गेले. जना बहिणीजवळ राहते. डोळ्याला कमी दिसतं. मी कोण ते सांगितल्यावर तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? "लखमादादा कोंबडीची पिल्लं न्यायला आले नायत कधी?" तिची सून तेव्हा बाळंत होणार होती, घरात काही नव्हतं म्हणून आजोबांनी कोंबडी दिली. पिल्लं निघाली की अर्धी परत न्यायची ठरली होती. त्यानंतर तिने त्यांना पाहिलेलं नाही. ती माहुलीच्या रानात कधी गेलेली नाही, आजे. तिला खोकल्याशिवाय धड बोलताही येत नाही, कूक काय देणार?

मग खोरवाडीला गेले. बाईजाआजीने मिठी मारली, नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण केलं. डावा कान एकदाही खाजवला नाही. आजोबा आलेच नाहीत हे खरं आहे.

जेवताना मी सहज म्हटलं, त्या घळीत एक पाखरू कूक देतं. तर ती म्हणाली, "त्यात काय नवल? पितरांकडून शिकलं असेल." ती जसं बोलली तसंच लिहिते.

"तुझा आजा नायसा झाला ना, त्याच वर्सी. पितरपाखात घळीकडून पितर ओरडायला लागले. आधी कधी इतके ओरडले नव्हते. सकाळी ओरडत, दुपारी ओरडत. पैली जाड कूक, मग बारीक. आमी म्हटलं, कोणीतरी म्हातारा-म्हातारी जोडीनं आलेत जेवायला. पोरं घाबरली. मग आमी शिवेवर घास वाढला, रोज वाढला, भात, वडे, वालाचं बिरडं. सगळ्या वाडीला ताकीद दिली, ओ द्यायची नाय. पितराला ओ दिली की तो संगती घेऊन जातो. मी तर दार लावून बसायचे."

मी विचारलं, मग?

"मग बारीक होत गेले. सर्वपित्रीच्या आधीच गप झाले. जेवून गेले असतील."

आजे, खोरवाडी आणि घळ यांच्यामध्ये एकच धार आहे. शहापूरहून जो माहुलीच्या खांद्यावरून आडवाटेने येतो, तो घळीच्या अगदी काठावरून येतो. भाद्रपदात तिथे शेवाळ असतं. गोमा सांगत होता, गुरंसुद्धा घसरतात.

आता मला कळतं ती दुसरी कूक जाड का होती. तुलाही कळलं असेल. मला पुढे लिहिता येत नाही.

मी बाईजाआजीला काही बोलले नाही. भाकरी संपवली आणि आले.

रुपा

---

आंबेमाळ
२० मार्च १९९९

रुपे,

बाईजाला सांगू नको. कधीच नाय. भावाची कूक बहिणीला कळत नसते, कूक ठरली तवा बाईजा सासरी होती. तिने पितर समजून घास टाकला, तर टाकला. तिला तिच्या पितरांत राहू दे.

कमळूला मी सांगेन, पण घळीतून परत आल्यावर.

गुढीपाडवा झाला, आता आठवड्याभरात येते. किन्हवलीला गाडी बदलते, आटगावच्या तुझ्या खोलीवर येते. भाकऱ्या मी आणते, तुझ्या हातच्या जाड असतात. त्या गोमाला सांग दोर घे. आणि तू घळीच्या वरच थांबायचं, आत यायचं नाय. हे आत्ताच सांगते, तिथे वाद नको.

आजी

---

आंबेमाळ
११ एप्रिल १९९९

रुपे,

परत येताना तू सारखं विचारत होतीस आणि मी खिडकीबाहेर बघत होते. एस.टी.त असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. आता लिहिते, परत विचारू नको.

तुझी पाच घरं मी वाटेत बघितली. तलाव बरा हाय. साग कोरडा, आपल्याकडेपण असाच. बांबूत रानडुकरांनी उकरून ठेवलं होतं. सगळीकडे काय ना काय आवाज होता. पण घळीत पाय टाकला आणि आवाज मागे राहिला, दार लोटल्यासारखा. गोमा पुढे, मी मागे. त्याचा पाय थरथरत होता. मी म्हटलं, "अरे, माझा नवरा हाय, तुझा नाय. तू का कापतोस?" तर म्हणतो, "आजी, हळू बोला."

कुंडात गुडघाभर पाणी. त्याच्यावर ती कपार, वानरांनी बघितलेली. वरून नुसतं तोंड दिसतं, पण आत माणूस आडवा होईल एवढी जागा हाय, कोरडी. पावसाचं पाणी तिथे शिरत नाय. माणूस तिथून खाली कुंडापर्यंत सरपटत ये-जा करू शकतो. घळीच्या बाहेर चढू शकत नाय, पाय मोडला असला तर.

हाडं नव्हती. तिथे तरसाची विष्ठा होती, हाडं खाऊन पांढरी झालेली. तुला मुलांना दाखवायची असते ना, ती. मी बघितली आणि पुढे गेले.

कपारीच्या कोपऱ्यात खेकड्यांच्या कवच्या होत्या. ढीग. भुगा झालेला, पण खालच्या शाबूत. सगळ्या नांग्या मुळापासून पिळून काढलेल्या आणि दगडाने बाजूला एकच टोला दिलेला. तुझ्या आज्याला पुढचे दात नव्हते. तो खेकडा असाच खायचा, आणि मी त्याला रोज म्हणायचे, किती वेळ लावतोस. ढीग मोठा होता गो. तो लवकर मेला नाय.

ऊन आत आलं आणि पाखराने कूक दिली.

मी ऐकली. त्याचीच. मागचा तुकडा आखूड. मग ती शांतता. तू लिहिलंस तशीच, ओ येते का म्हणून थांबावं तेवढी. आणि मग माझी, त्याच्या गळ्यातली. तो तिथे पडून कूक देत होता, ओ येत नव्हती, म्हणून माझी ओ पण तोच देत होता. किती दिवस, ते पाखराला विचार. शिकायला वेळ लागतो.

मी दोन वर्सं त्याला वाड्याला जेवायला घालत होते.

गोमाने माझा दंड धरला. "आजी, ओ देऊ नका, पाया पडतो." मी त्याचा हात सोडवला. पाखराने परत सुरुवात केली. पहिली कूक झाली, आणि शांतता आली, तवा मी माझी कूक दिली. इतक्या वर्सांनी गळा धड चालला नाय. पण मोडायची तिथेच मोडली आणि खालून उचलली.

पाखरू गप. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. दुसरी कूक त्याने दिलीच नाय. आणि मग गोमाला विचार, खोटं असेल तर, कपारीतून वारा बाहेर आला. पान हललं नाय. नुसता माझ्या अंगावरून गेला, थंड, खेकड्याचा वास असलेला, आणि घळीच्या तोंडाकडे निघून गेला. गोमा खाली बसला.

मी कुंडाच्या पाण्याने कुंकू धुतलं. बांगड्या दगडावर फोडल्या. काचा पाण्यात टाकल्या नाय, पदरात बांधून आणल्या, तुझी शिबिराची पोरं त्या पाण्यात पाय सोडून बसतात.

तू वर मला विचारलंस, "आजे, कुंकू?" तवा मी "चल, गाडी चुकेल" म्हटलं. ते यामुळे.

कार्य झालं. धोंडी पीठ मळायला बसला होता, मी त्याला कपारीतली माती दिली, म्हटलं यात मिसळ. त्याने विचारलं नाय कुठली. पहिल्यांदा तो काय विचारत नाय असं झालं. कमळू रडला. पुरुषाने रडावं तसं, भिंतीकडे तोंड करून.

आजी

---

आटगाव
१६ मे १९९९

आजे, पाया पडते.

तू परत विचारू नको म्हणालीस, म्हणून विचारत नाही. फक्त सांगते.

शिबिरं आता बंद झाली, उन्हाळा फार आहे. त्याआधी मी घळीत तीनचार वेळा जाऊन आले. भृंगराज तिथेच आहे. त्याच उंबरावर. घार करतो, मांजर करतो, गोम्याचा खोकला करतो. तुझी ती कूक करत नाही. एकदाही नाही. दुपारी ऊन उतरतं, तो चोच उघडतो, मला वाटतं आता करेल, आणि तो पिसं साफ करायला लागतो. वानरं कपारीत उतरून पाणी पितात. पहिल्यांदाच पाहिली तिथे.

घळीची आता मला भीती वाटत नाही. गोमा म्हणतो, "आजीने घर रिकामं केलं."

पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे. टोकावड्याहून डोंगराची आडवाट धरून येईन म्हणते, चढ आहे पण लवकर पोचते. बाबांना आंबे ठेवायला सांग.

रुपा

---

आंबेमाळ
२१ मे १९९९

रुपे,

हे पत्र कमळूच्या हाती पाठवते, पोस्टाची वाट बघायला वेळ नाय.

आडवाटेने येऊ नको. टोकावड्याला उतर आणि गाडीरस्त्याने ये. बाप न्यायला येतोय, त्याच्यासोबत ये. लांब पडलं तरी चालेल.

तुझ्या घळीतली कूक बंद झाली हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं. कार्य झाल्यापासून ती इथे येते. घरामागे, आंब्याच्या वरच्या रानातून. भर दुपारी, सगळे निजलेले असतात तवा. फक्त त्याची. पहिली. मागचा तुकडा आखूड, सगळं बरोबर. मग शांतता. मग परत पहिली. माझी देत नाय. ती माझ्याकडून पाहिजे त्याला.

कमळू म्हणतो, तुझ्या मागून पाखरू आलं असेल. मी काठी घेऊन आंब्याखाली उभी राहिले. पाखरू नव्हतं. कोंबड्या मात्र सगळ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. धोंडीने पण ऐकली. आता बाया म्हणतात, "आजी, तुमचा म्हातारा तुमाला न्यायला आला, एकदा ओ द्या बिचाऱ्याला, शांत होईल."

त्यांना अक्कल नाय. माझ्या माणसाने कूक दिली, ओ मिळेपर्यंत दिली, मेल्यावर पाखराच्या तोंडून दिली. मी ओ दिली त्या दुपारी तो गप झाला. ज्याला ओ मिळाली तो परत कशाला कूक देईल?

म्हणजे हा तो नाय. घळीत मी ओ दिली तवा ती ऐकायला तिथे आणखी कोणी होतं, आणि त्याने आमची कूक उचलली.

मी दार लावून बसते. दम खाऊन खाऊन देतं ते, अगदी त्याच्यासारखं, आणि मधल्या शांततेत माझी जीभ हलते गो. मी पदर तोंडात धरते.

तू येशील तवा रानातून कूक आली, कोणाचीपण आली, तर बापाचा हात धर आणि चालत राहा. मागे बघू नको. आज्याची आठवण काढू नको. त्याची ओ मी देऊन टाकली.

आजी